फ्युमिचिनो विमानतळ ते कोलोसियम : सासूसासरे, बॅगा आणि दुपारचं तिकीट

अनुजा_२

नमस्कार मंडळी. दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या मध्याला रोमला निघतोय. मी, नवरा आणि सासूसासरे, असे चौघं. मुंबईहून आखातात विमान बदलून दुपारी साडेबाराच्या सुमारास फ्युमिचिनोला उतरू. मुक्काम मोन्ती भागात, कावूर मेट्रो स्टेशनजवळ.

सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर फळ्यावर कोलोसियम काढून दाखवलं, आता उतरल्या उतरल्या प्रत्यक्ष बघायचंय असा त्यांचा हट्ट. म्हणून त्याच दिवशी दुपारी ३ चं तिकीट काढायचं घाटतंय. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. सोबत दोन मोठ्या बॅगा, दोन लहान.

विमानतळावरून कोलोसियमला जायचा बरा रस्ता कोणता? कोणी म्हणतं लिओनार्दो एक्सप्रेस, कोणी म्हणतं साधी लोकल, कोणी बस. वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय. जाणकारांनी कृपया सांगावं.

हिशेबनीस

आधी पैशांचं बोलू, बाकी मागाहून.

लिओनार्दो एक्सप्रेस : माणशी १४ युरो. मध्ये कुठेही न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनी, म्हणजे रोमचं मुख्य रेल्वे स्टेशन. तिथून मेट्रोची बी लाइन, लाउरेन्तिनाच्या दिशेची. पहिलं स्टेशन कावूर, दुसरं कोलोस्सेओ, म्हणजेच कोलोसियमचं. मेट्रोचं तिकीट दीड युरो. चौघांचे झाले ६२.

एफएल१ लोकल : माणशी ८ युरो. ही तेर्मिनीला जात नाही, हे नीट लक्षात ठेवा. ओस्तिएन्सेला उतरायचं आणि शेजारच्या पिरामिदे स्टेशनातून तीच बी लाइन उलट्या बाजूने पकडायची. चौघांचे ३८.

बस : माणशी साधारण ७ युरो, तासभर तेर्मिनीपर्यंत, वाहतूक तुंबली तर तासाचं काही खरं नाही. पुढे मेट्रो आहेच.

टॅक्सी : शहराच्या जुन्या तटाच्या आतल्या कुठल्याही पत्त्यावर ठरलेला दर, ५५ युरो. माणशी नव्हे, अख्ख्या गाडीचे. बॅगांचे वेगळे पैसे नाहीत, रात्रीचा जादा आकार नाही. मोन्ती तटाच्या आत येतं.

म्हणजे चौघं असाल तर टॅक्सी एक्सप्रेसपेक्षा ७ युरोंनी स्वस्त आणि थेट दारात. एकट्यादुकट्याचं गणित वेगळं, पण तुम्ही एकट्या नाही.

चहाबाज

हिशेबनीसांनी नाव सार्थ केलं. टॅक्सीवाल्याला टीप किती, तेही लिहा आता.

हिशेबनीस

शून्य. तिथे टिपेची सक्ती नाही. फार तर वरची चिल्लर सोडा.

तेव्हेरेकाठचा

रोममध्येच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अनुजाताई, रस्ता कुठला घ्यायचा हा तुमचा खरा प्रश्नच नाही. विमानतळ शहरापासून जेमतेम ३० किलोमीटरवर आहे, कशानेही आलात तरी तासाभरात पोचाल. अडचण दोन्ही टोकांना आहे. एका टोकाला पासपोर्टची रांग, दुसऱ्या टोकाला कोलोसियम बंद व्हायची वेळ.

आखातातून येणारं विमान म्हणजे शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांत) तुमचा प्रवेश रोमलाच. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू केलीय. पहिल्यांदा येणाऱ्याची नोंदणी तिथेच उभ्या उभ्या होते. ठसा उमटला नाही की पुन्हा घेतात, आणि वयस्कर माणसांचे ठसे चटकन उमटत नाहीत हा सार्वत्रिक अनुभव. त्यात चार-पाच मोठी विमानं एकदम उतरली की रांग कुठवर जाईल याचा नेम नाही. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलून आला असतात तर हे सोपस्कार तिकडेच उरकले असते आणि रोमला नुसत्या बॅगा उचलून बाहेर पडला असतात. असो, तिकिटं आता काढून झालीत.

दुसरं टोक. नोव्हेंबरात कोलोसियम दुपारी साडेचारला बंद होतं. शेवटचा प्रवेश त्याआधी तासभर, म्हणजे साडेतीनला. उन्हाळ्यात संध्याकाळी सव्वासातपर्यंत उघडं असतं. नेटवरचे बरेच अनुभव त्या दिवसांतले असतात आणि त्यामुळे लोक फसतात. साडेबाराला विमान टेकलं, पासपोर्ट आणि बॅगा होईतो दोन वाजले, शहरात पोचायला तीन. त्या वेळी तुमच्या हातात बॅगा असतील, आणि मोठ्या बॅगा किंवा ट्रॉली घेऊन आत सोडत नाहीत. सामान ठेवायची सोयही तिथे नाही.

तेव्हा तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळचं काढा. वेळ बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर २०२३ पासून तिकिटावर नाव असतं, दाराशी पासपोर्टशी ताडून बघतात. नावं पासपोर्टवर आहेत तश्शीच घाला. अधिकृत संकेतस्थळावर तारखेच्या ३० दिवस आधी विक्री उघडते. साधं तिकीट १८ युरो, त्यात शेजारचा फोरम (प्राचीन रोमचा चौक) आणि पालातिनो टेकडीही येते. ज्येष्ठ नागरिकांना वयामुळे सवलत नाही, त्यामुळे सासऱ्यांचेही पूर्ण पैसे. १८ वर्षांखालच्यांना फुकट, पण तुमच्यात कोणी तेवढं लहान दिसत नाही.

अनुजा_२

बाप रे, साडेचारला बंद? हे कुठेच वाचनात आलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. पण सासऱ्यांना सांगायचं कोणी?

तेव्हेरेकाठचा

त्यांना पहिल्याच संध्याकाळी बाहेरून दाखवा की! कावूरपासून उतारच आहे, रमतगमत दहा-बारा मिनिटं. नोव्हेंबरात पाचच्या आसपास अंधारतं आणि दिवे लागतात. बाहेरून बघायला तिकीट लागत नाही, आणि गर्दीही दिवसाच्या मानाने विरळ असते. वाटेत फरसबंदी आहे, काळ्या दगडाचे मुठीएवढे चौकोनी ठोकळे बसवलेली. सासूबाईंना जाड तळव्याचे बूट घालायला सांगा. बॅगेची चाकं त्यावरून जाताना जो आवाज करतात तो ऐकलात की टॅक्सीचे ५५ युरो का द्यायचे ते कळेल.

मुलूखगिरी

टॅक्सी-टॅक्सी काय लावलंय सगळ्यांनी! ज्यांच्याकडे पाठीवरची एक पिशवी आहे असेही लोक हा धागा वाचणार आहेत. त्यांच्यासाठी लिहितो.

एफएल१ ने जा. आठवड्याच्या दिवशी दर १५ मिनिटांनी, सुट्टीला अर्ध्या तासाने. फलकावर "ओस्तिएन्से" शोधत बसू नका, ते मधलं स्टेशन आहे. फलकावर शेवटचं स्टेशन दिसतं : ओर्ते, फारा साबिना, तिबुर्तिना यांपैकी काहीही. सगळ्या त्याच मार्गाच्या. विमानतळाच्या स्टेशनात फलाट मोजकेच, आणि शेजारच्याच फलाटावर लिओनार्दो एक्सप्रेस उभी असते. ८ युरोचं तिकीट घेऊन तिच्यात बसलात की दंड. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. मोबाइलवर काढलं असेल तर चेक-इनचं बटण दाबायचं. तिकीट खिशात असूनही दंड भरणारे परदेशी प्रवासी तिथे नेहमी दिसतात.

ओस्तिएन्सेला उतरलं की भुयारी वाटेने पिरामिदे मेट्रोत. रेबिब्बिया किंवा जोनिओच्या दिशेची गाडी. एक स्टेशन चिर्को मास्सिमो, पुढचं कोलोस्सेओ. मेट्रोला वेगळं तिकीट लागतं, रेल्वेचं चालत नाही. किंवा फाटकाला बँकेचं कार्ड टेकवा, प्रत्येकाचं वेगळं. एकाच कार्डावर चौघांना आत घ्यायचा खटाटोप करू नका.

आणि मेट्रोत शिरण्याआधी पाच मिनिटं वर या. स्टेशनासमोर खराखुरा पिरॅमिड उभा आहे. रोममध्ये. हे तेर्मिनीवाल्यांच्या नशिबी नाही.

हिशेबनीस

पिरॅमिड छान आहे, मान्य. पण त्या भुयारी वाटेतला सरकता जिना बंद असला की बॅग आपली आपण उचलायची. गुडघेदुखीच्या माणसाला तिकडून नेऊ नये. पाठीवरची पिशवी असेल तर माझंही मत ओस्तिएन्सेलाच.

मुलूखगिरी

तेर्मिनीला काय कमी चालावं लागतं? एक्सप्रेस लागते २३ नाहीतर २४ नंबरच्या फलाटाला, स्टेशनाच्या अगदी कडेला. तिथून मेट्रोपर्यंत खाली उतरत, दुकानांच्या गल्ल्यांतून, घोळक्यातून. वर तिकीट यंत्रापाशी "मदत" करायला कोणी तरी टपलेलं असतंच. पाकीट पुढच्या खिशात, आणि मदतीला नम्र नकार.

जुनेपाने

पिरॅमिडचा विषय निघालाच आहे तर आजोबांसाठी दोन शब्द लिहितो. (अनुजाताई, हे त्यांना वाचून दाखवा.)

हा गायस सेस्टिअस नावाच्या रोमन अधिकाऱ्याच्या थडग्याचा पिरॅमिड. इसवी सनापूर्वी १८ ते १२ या काळातला, म्हणजे कोलोसियमपेक्षा सुमारे नव्वद वर्षांनी जुना. उंची ३६ मीटरच्या आसपास. इजिप्त रोमच्या ताब्यात येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि तिकडच्या वस्तूंची रोममध्ये हौस आली होती, तेव्हाचा. काम ३३० दिवसांत पुरं झालं असं त्याच्याच अंगावर कोरून ठेवलंय. पुढे २७१ ते २७५ या वर्षांत ऑरेलियन बादशहाने शहराभोवती सुमारे १९ किलोमीटरचा तट बांधायला घेतला, तेव्हा घाईत जे वाटेत येईल ते तटात सामावून घेतलं. पिरॅमिडही गेला. त्यामुळेच तो टिकला असावा, नाहीतर त्याचा संगमरवर कोणी तरी कधीच नेला असता.

आता गंमत बघा. हिशेबनीस ज्या टॅक्सीच्या ५५ युरोंबद्दल सांगतायत, त्या दराची हद्द म्हणजे हाच ऑरेलियनचा तट. रानटी टोळ्यांना अडवायला बांधलेली भिंत आज टॅक्सीचं भाडं ठरवते. हॉटेल तटाच्या बाहेर घेतलंत की हा दर तुम्हाला लागू नाही.

तेर्मिनीवाल्यांनीही हिरमुसायचं कारण नाही. स्टेशनाच्या बाहेरच मोठ्या पिवळसर-करड्या दगडी चिऱ्यांची एक भिंत उभी आहे, ती सर्व्हियन तटाची, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. ऑरेलियनच्या तटाहून सहाशे वर्षं जुनी. लोक तिच्या बाजूने बॅगा ओढत जातात आणि वळूनसुद्धा बघत नाहीत.

बी लाइनचीही गोष्ट आहे. मुसोलिनीला १९४२ मध्ये शहराच्या दक्षिणेला जागतिक प्रदर्शन भरवायचं होतं, तिकडे माणसं न्यायला म्हणून ही मेट्रो खोदायला घेतली. युद्धामुळे प्रदर्शन बारगळलं, मेट्रो १९५५ मध्ये सुरू झाली. आणि तुम्ही तेर्मिनीहून बसा की पिरामिदेहून, कोलोसियम दोन्हीकडून दुसरंच स्टेशन.

चहाबाज

जुनेपाने, तुम्ही विमानतळाच्या बाहेरच पडू देणार नाही आजोबांना.

जुनेपाने

अजून कोलोसियमपर्यंत पोचलोच नाही हो! बी लाइनच्या जुन्या दारातून बाहेर पडलं की समोर रस्ता आणि पलीकडे थेट ती भिंत. मेट्रोची बाजू म्हणजे उत्तरेची, आणि बाहेरची चार मजली पूर्ण उंचीची भिंत आज याच बाजूला शिल्लक आहे. दक्षिणेकडून येणाऱ्याला आतली ठेंगणी भिंत दिसते. आजोबांनी फळ्यावर जे चित्र काढलं असेल ते उत्तरेकडूनचंच असणार.

जवळ गेल्यावर दोन गोष्टी बघायला सांगा. एक, दगडांना जागोजाग पडलेली भोकं. चिरे एकमेकांना लोखंडी पकडींनी जोडलेले होते, मध्ययुगात लोकांनी लोखंडासाठी त्या पकडी उकरून काढल्या. दुसरं, खालच्या कमानींवर कोरलेले रोमन आकडे. ८० कमानींपैकी ७६ ना क्रमांक होते, प्रेक्षकाने आपल्या क्रमांकाच्या दाराने आत जायचं. तेवीस ते चोपन्न एवढे शिल्लक आहेत. इसवी सन ८० मध्ये टायटस बादशहाने उद्घाटन केलं तेव्हापासून दार ठरवून आत सोडायची पद्धत आहे म्हणायची. आता नुसती वेळही ठरवून दिलीय.

तेव्हेरेकाठचा

एक भर. डिसेंबर २०२५ मध्ये सी लाइनचं कोलोस्सेओ स्टेशन सुरू झालं. खोदताना सापडलेल्या प्राचीन विहिरी आणि वस्तू स्टेशनातच मांडल्यात, मेट्रोच्या तिकिटात बघून होतात. विमानतळावरून यायला या लाइनचा उपयोग नाही, पण बी आणि सी आता तिथे जोडल्यात. गुडघे दुखत असले तरी थांबत थांबत बघता येतं, उन्हापावसाची भीती नाही.

पहिलटकर

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझा रोमला फक्त थांबा आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ७. पुढचं विमान दिल्लीचं. तेवढ्यात कोलोसियम होईल का? भारतीय पासपोर्ट.

तेव्हेरेकाठचा

शेंगेन व्हिसा हातात असेल तरच विमानतळाबाहेर पाऊल टाकता येईल. व्हिसा आहे असं धरून सांगतो. मोठी बॅग थेट दिल्लीपर्यंत चेक-इन झालेली असू द्या. एफएल१, ओस्तिएन्से, पिरामिदे, कोलोस्सेओ. तिकीट दुपारी साडेबारा-एकचं घ्या, त्याआधीचं नको. पालातिनो सोडून द्या. साडेतीनला काहीही झालं तरी परत फिरा, कारण जाताना पासपोर्टची आणि सुरक्षेची रांग पुन्हा आहे. पाण्याची बाटली काचेची नको, आत नेऊ देत नाहीत. प्लॅस्टिकची न्या आणि रस्त्यातल्या नळांवर भरा, रोमभर लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी प्यायचं आणि फुकट.

पहिलटकर

समजलं. व्हिसा आहे. आभारी आहे.

मुलूखगिरी

पहिलटकर, तो दिवस शुक्रवार आहे का बघा. इटलीत वाहतुकीचे संप बऱ्याचदा शुक्रवारी पडतात. आधी जाहीर होतात, त्यामुळे आठवडाभर आधी तपासलं तरी पुरे. आणि संपातही ठरावीक तास सेवा चालू ठेवावी लागते. रोमच्या मेट्रो-बससाठी सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८. रेल्वेसाठी आठवड्याच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९. तुमच्या परतीच्या वेळी नेमकी मधली पोकळी येते. तसं झालंच तर टॅक्सीचे ५५ वेगळे काढून ठेवा. कोलोसियमही तटाच्या आतच आहे, तिथून विमानतळाला तोच दर.

अनुजा_२

घरात चर्चा झाली. सासऱ्यांना साडेचारचं सांगितल्यावर म्हणाले, "मग पहिल्या दिवशी बाहेरून आकडे मोजू." टॅक्सीने हॉटेल, संध्याकाळी पायी फेरी, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊचं तिकीट. परतीला पिरॅमिड दाखवायचं मी कबूल केलंय.

शेवटचे दोन प्रश्न. विमानतळावर टॅक्सी नेमकी कुठे मिळते? आणि सासूबाईंना कोलोसियममध्ये वरच्या मजल्यावर जाता येईल का? जिने फार उंच आहेत असं ऐकलं.

तेव्हेरेकाठचा

बाहेर येताना हॉलमध्ये "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत जो जवळ येईल त्याच्याबरोबर जायचं नाही. अधिकृत टॅक्सीवाला आत येऊन गिऱ्हाईक शोधत नाही. सरळ बाहेर, टॅक्सीच्या पाटीखाली रांग लागलेली असते. गाडी पांढरी, छतावर दिवा, दारावर "रोमा कापिताले" लिहिलेलं. ठरलेला दर रोम महापालिकेचा आहे, म्हणून गाडीही रोमचीच घ्या. फ्युमिचिनो ही वेगळी नगरपालिका आहे, तिथल्या गाड्याही दिसतात. बसण्याआधी हॉटेलचा पत्ता मोबाइलवर दाखवा आणि ५५ चा आकडा बोलून घ्या. चौघं आणि दोन मोठ्या बॅगा म्हटल्यावर डिकी मोठी असलेली गाडी मागा, रांगेतला माणूस लावून देतो.

वरच्या मजल्याचं म्हणाल तर लिफ्ट आहे. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्यासाठीच आहे, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी नाही. आत शिरल्यावर पहिल्याच कर्मचाऱ्याला विचारा आणि सासूबाईंच्या गुडघ्याकडे बोट दाखवा, भाषा आली नाही तरी चालेल. जिने खरंच उंच आहेत, तुम्हीसुद्धा कठड्याला धरूनच चढा.

हिशेबनीस

परतीला पिरॅमिडमार्गे जायचं म्हणजे मोठ्या बॅगा घेऊन ती भुयारी वाट. त्यापेक्षा टॅक्सीवाल्याला विमानतळाला जाताना पिरॅमिडवरून घ्यायला सांगा. गाडी थांबवणार असाल तर दराचं आधी बोलून घ्या.

मुलूखगिरी

किंवा मधल्या एखाद्या दिवशी दीड युरोत मेट्रोने जाऊन या, आणि परत येताना ३ नंबरची ट्राम घ्या. पिरॅमिडपासून चिर्को मास्सिमोच्या कडेने कोलोसियमपाशी येते, सासूबाईंना खिडकीची जागा मिळाली तर सगळं बसल्या बसल्या दिसेल. रुळांचं काम निघालं की तिच्याऐवजी बस सोडतात, थांब्यावरच्या पाटीवर बघून घ्या.